हेडलाइटची ‘काच’ धुरकट का होते?

उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेला लागल्या की आमच्याकडे रात्रीच्या प्रवासाविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतील बरीचशी एकाच तक्रारीची निघाली : गाडीच्या पुढच्या दिव्यांची काच पिवळी, धुरकट झाली आहे आणि रस्ता नीट दिसत नाही. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत, गावे तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : मी गेवराई तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. माझी गाडी अकरा वर्षांची असून शनिवारी रात्री बीडहून धुळे-सोलापूर महामार्गाने गावी परततो. उसाची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसते. दोनदा बल्ब बदलले, पण फरक पडला नाही. आमचा मेकॅनिक म्हणतो, ‘गुरुजी, गाडीला मोतीबिंदू झालाय, शंभर-नव्वदचा बल्ब टाका.’ टाकावा का?

उत्तर : टाकू नये. आपल्या मेकॅनिकने रोग बरोबर ओळखला आहे, औषध मात्र चुकीचे सुचवले आहे.

आपण सगळे ज्याला काच म्हणतो ती काच नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ॲम्बेसेडर, पद्मिनी किंवा सुरुवातीच्या मारुती ८०० गाड्यांच्या दिव्यांना खरीखुरी काच असे आणि ती खडा लागून फुटे, पण पिवळी पडत नसे. आजच्या गाड्यांवर असते ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीतील हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल फॉक्स यांनी ते एकमेकांना ठाऊक नसताना तयार केले. ते हलके आहे, हवा तसा आकार घेते आणि खडा लागला तरी सहसा फुटत नाही, म्हणून दिव्यांसाठी त्याची निवड झाली. मात्र त्याचे दोन दोष आहेत. त्याचा पृष्ठभाग मऊ असल्याने त्यावर सहज चरे पडतात, आणि उन्हातील अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. हे दोष झाकण्यासाठी कारखान्यातच त्यावर एक कडक, पारदर्शक लेप चढवलेला असतो. तो इतका पातळ असतो की तो तेथे आहे हे मालकाला कधी कळतच नाही, आणि तो गेल्यावरच त्याचे महत्त्व उमगते.

आपल्याकडील ऊन, त्यात उन्हाळ्यात काळ्या मातीची उडणारी धूळ आणि समोरच्या ट्रकच्या चाकांमागून येणारी बारीक खडी, यांचा मारा आधी या लेपावर होतो. लेप झिजतो, ठिकठिकाणी सुटतो, आणि मग उघडे पडलेले प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडून त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांचे जाळे तयार होते. प्रकाश खरा अडतो तो या जाळ्यात. पिवळेपणापेक्षाही हा खरखरीतपणा अधिक घातक, कारण त्यामुळे प्रकाश रस्त्यावर सरळ न पडता चहूकडे विखुरतो. आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ साली केलेल्या चाचणीत खराब झालेल्या दिव्यांतून नव्या दिव्यांच्या जेमतेम २० टक्के प्रकाश बाहेर पडत असल्याचे आढळले होते. असे असताना आत कितीही नवा बल्ब बसवला तरी फरक कसा पडणार?

आता शंभर-नव्वदविषयी. आपल्या गाडीला बहुधा ६०/५५ वॅटचा बल्ब असेल, म्हणजे लांबच्या झोताला ६० आणि जवळच्या झोताला ५५. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर वीज घेतो, तर १०० वॅटचा ८ अँपिअरहून जास्त. गाडीची मूळ वायर आणि होल्डर या हिशेबाने बनवलेले नसतात, त्यामुळे होल्डर वितळतो, परावर्तकाची, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीची, चकाकी जळते, आणि धुरकट प्लॅस्टिकवर जास्त उजेड टाकला म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जास्त धुके जाते, इतकेच. मूळ क्षमतेचा चांगला बल्ब तसाच राहू द्यावा.

रोग वरचा आहे की आतला, हे ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. दिवसा हेडलाइटवर तांब्याभर पाणी ओता. ओला असेपर्यंत दिवा स्वच्छ, आरपार दिसला आणि वाळताच पुन्हा धुरकटला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि तो घासून निघू शकतो. पाणी त्या बारीक भेगांत भरते, पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट होतो, म्हणून ही किमया दिसते. ओला करूनही दिवा धुरकटच राहिला, तर दोष आत आहे किंवा भेगा फार खोल गेल्या आहेत. मोतीबिंदू डोळ्याच्या आत असतो; आपल्या गाडीचा आजार बहुधा वरच्यावरचा निघेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली एक सेकंद आधी दिसली तर काय होते, हे त्या महामार्गावरून दर आठवड्याला जाणाऱ्या आपल्याला सांगायला नको.

प्रश्न : लातूरहून लिहीत आहे. आमच्या धाकट्या दिरांनी मोबाइलवर पाहून हेडलाइट टूथपेस्टने घासले. पंधरा दिवस छान चमकले, मग पूर्वीपेक्षा वाईट झाले. आता ते म्हणतात, ‘वहिनी, डास पळवायचे क्रीम लावून बघू.’ कोणी लिंबू-सोडा सांगते, कोणी पेट्रोल. यांतले काय खरे?

उत्तर : टूथपेस्टमध्ये दातांवरील थर काढण्यासाठी बारीक घासणारी पूड असते, म्हणून तिने वरचा हलका मळ आणि थोडासा पिवळेपणा निघतो, हे खरेच आहे. परंतु भेगा तिच्या आवाक्याबाहेरच्या असतात, आणि जो काही जुना लेप उरलेला होता तोही दिरांनी थोडाफार घासून काढला. उघडे प्लॅस्टिक उन्हात ठेवल्यावर ते पूर्वीपेक्षा लवकर बिघडणारच. त्यांची मेहनत खरी होती, पण दाराचा रंग काढून टाकल्यावर नवा रंग न देता तसेच पावसात सोडल्यासारखे झाले.

लिंबू आणि खायचा सोडा एकत्र केल्यावर फेस येतो, तो पाहून काहीतरी होत असल्याचे समाधान मिळते. वस्तुतः आम्ल आणि अल्क एकमेकांना निकामी करतात आणि उरते ते सोड्याच्या कणांचे हलके घासणे. त्याने नुकसान फारसे नाही, उपयोगही नाही.

डासांचे क्रीम आणि पेट्रोल यांना मात्र स्पष्ट नकार द्यावा. डास पळवणाऱ्या कित्येक मलमांतील ‘डीट’ हे द्रव्य प्लॅस्टिकचा वरचा थर मऊ करते. थर विरघळून पसरतो म्हणून दिवा क्षणभर तुकतुकीत दिसतो आणि काही दिवसांत चिकट, अधिकच धुरकट होतो. पेट्रोल, थिनर आणि नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन यांनी तर पॉलिकार्बोनेटला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात आणि ते खोलवर जातात. एकदा असे तडे गेले की पुढे घासण्याचा कोणताही कागद किंवा पॉलिशचे कंपाउंड त्यांना काढू शकत नाही. दिरांना क्रीम हातापायांनाच लावू द्यावे.

प्रश्न : परभणी जिल्ह्यात शेती करतो. ट्रॅक्टरची बारीकसारीक दुरुस्ती घरीच करण्याची सवय असल्याने गाडीचे दिवेही स्वतः घासण्याचा विचार आहे. कोणत्या नंबरचा कागद, किती वेळ, किती पाणी, हे सविस्तर सांगावे. आमच्याकडे टँकर येतो, म्हणून पाण्याचे विशेष विचारतो.

उत्तर : पाण्याची काळजी करू नये. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील कारागीरही हे काम करत होते. फवाऱ्याची एक बाटली आणि अर्धी बादली पाणी दोन दिव्यांना पुरते. मात्र बादलीत धूळ नको, कारण काळ्या मातीचा एक कण कागदाखाली आला की तो हजार नंबरच्या कागदाचे काम चाळीस नंबरने केल्यासारखे करतो (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक).

काम सकाळी, सावलीत करावे. दिवे बंद आणि थंड असावेत. आधी साबणाच्या सौम्य पाण्याने दिवा धुऊन पुसावा आणि त्याच्या सभोवती बोनेट, बंपर व मडगार्डच्या कडांवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावावेत. हाताला वेग आला की कागद कडेवरून घसरतो आणि रंगावर ओरखडा उठतो, म्हणून या टेपमध्ये काटकसर करू नये.

कागद काळा, पाण्यात वापरायचा घ्यावा. हार्डवेअरच्या आणि गाड्यांच्या रंगाच्या दुकानात तो ‘वॉटर पेपर’ म्हणून मिळतो. लाकडाचा पिवळा कागद येथे चालत नाही. दिव्यावरचा लेप पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ६०० नंबरपासून आरंभ करावा, नुसताच पिवळेपणा असेल तर ८०० किंवा १००० पासून. पुढे १५००, २००० आणि शेवटी ३००० असे चढत जावे. कागद दहा मिनिटे पाण्यात भिजवून तो स्पंजच्या किंवा जुन्या रबरी चपलेच्या सपाट तुकड्याभोवती गुंडाळावा. नुसत्या बोटांनी दाबले तर बोटांच्या जागी खळ्या पडतात. पहिला कागद आडवा चालवला असेल तर दुसरा उभा चालवावा, म्हणजे आधीचे चरे निघाले की नाहीत हे लगेच दिसते. प्रत्येक कागदानंतर दिवा आणि हात दोन्ही धुवावेत.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो पहिला कागद, आणि घाई होते तीही तेथेच. घासताना ओघळणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवावे. आरंभी ते हळदीच्या पाण्यासारखे पिवळट येते आणि दिव्यावर मध्येच चकचकीत बेटे, मध्येच मळकट पट्टे दिसतात. ही बेटे म्हणजे उरलेला जुना लेप. हळूहळू पाणी पातळ ताकासारखे पांढरे येऊ लागते आणि संपूर्ण दिवा एकसारखा, दुधी, निस्तेज दिसू लागतो. पहिल्यांदा करणारा येथे घाबरतो, कारण दिवा आधीपेक्षा वाईट दिसत असतो. हीच खरी खूण आहे. बेटे उरलेली असताना पुढच्या कागदावर गेल्यास ती शेवटपर्यंत नकाशासारखी उमटून राहतात, म्हणून एकेका दिव्याला या पहिल्या टप्प्यावर वीस मिनिटे लागली तरी लागू द्यावीत. पुढच्या कागदांना पाच-सात मिनिटे पुरतात.

मी स्वतः चार वर्षांपूर्वी घराच्या ओट्यासमोर माझ्या गाडीचा डावा दिवा घासला तेव्हा १००० आणि १५०० हे दोन कागद गाळून ८०० वरून थेट २००० वर उडी मारली. वर कंपाउंड चोळल्यावर दिवा दिवसा आरशासारखा दिसला आणि मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलाही. रात्री समोरच्या भिंतीवर उजेड टाकला तेव्हा कडा फाटलेल्या, उजेडात बारीक रेघाच रेघा. दोन दिवसांनी सगळे पुन्हा १००० पासून करावे लागले. शेजाऱ्यांना दुसऱ्यांदा बोलावले नाही.

३००० नंतर गाड्यांच्या रंगावर वापरतात ते बारीक रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन गोलाकार चोळावे. हाताने एका दिव्याला पंधरा मिनिटे लागतात. ड्रिल मशीनला स्पंजची चकती लावून केले तर लवकर होते, परंतु वेग कमी ठेवावा आणि चकती एका जागी थांबवू नये. घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होऊन कायमचा डाग पडतो.

आणि हे सर्व झाल्यावर काम अर्धे झाले असे समजावे. उरलेले अर्धे पुढच्या प्रश्नात आहे. आपण तेही वाचल्याशिवाय कागद विकत आणू नयेत.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरमध्ये राहतो, वाळूजला नोकरी आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये दुकानातून दिवे पॉलिश करून घेतले. दसऱ्यापर्यंत पुन्हा पिवळे. दुकानदार म्हणतो, ‘साहेब, दर वर्षी करावेच लागते.’ तसेच असते का?

उत्तर : त्याने नुसते पॉलिश केले असेल, तर तसेच असते. आपल्या दुकानदाराने आपणास अर्धे काम करून दिले आणि पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक बांधून ठेवले. जाणून केले असेल असे मी म्हणत नाही. बहुतेकांना चकाकी म्हणजेच काम वाटते. घासल्याने जुना लेप पूर्ण जातो. नवा लेप दिला नाही तर खालचे प्लॅस्टिक उघडेच राहते, आणि मार्च महिना म्हणजे आपल्याकडील सर्वांत कडक उन्हाचा उंबरठा. मीही पहिल्या खेपेला वर नुसते मेण चोळून थांबलो होतो, तेव्हा माझ्या दिव्याने एक उन्हाळाही काढला नाही.

लेपाचे पर्याय अनेक आहेत आणि दुकानदार त्यांची नावे भारदस्त सांगतात. मेण किंवा गाडीचे साधे पॉलिश काही आठवडे टिकते, धुतले की जाते. ‘सिरॅमिक’ या नावाने जे द्रव लावतात त्याने पाणी आणि धूळ चिकटत नाही, धुणे सोपे होते, परंतु अतिनील किरण अडवण्याच्या कामी त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. फडक्याने पुसून लावायचे, खास हेडलाइटसाठीचे अतिनीलरोधक लेप मिळतात. घरी काम करणाऱ्यास ते सोयीचे आहेत, मात्र बाटलीवर अतिनील किरणांपासून संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख पाहूनच घ्यावेत.

माझ्या मते जुन्या दिव्यासाठी सर्वांत टिकाऊ लेप म्हणजे गाड्यांच्या रंगकामात शेवटी मारतात तो दोन घटकांचा क्लिअर कोट, ज्याला रंगारी ‘टू-के क्लिअर’ म्हणतात. त्यात हार्डनर मिसळताच रासायनिक क्रिया सुरू होऊन तो कडक होतो आणि चांगल्या प्रतीचा असेल तर काही वर्षे टिकतो. येथे एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी : हा लेप द्यायचा असेल तर दिवा आरशासारखा चमकवू नये. १००० ते १५०० नंबरच्या कागदापर्यंत घासून दुधी अवस्थेतच सोडावा, कारण लेपाला पकड हवी असते आणि ते बारीक चरे तो स्वतःच भरून काढतो. क्लिअरचा पहिला हात पडताच दुधी दिवा डोळ्यांदेखत पारदर्शक होतो. रंगाच्या दुकानात उभे राहून एकदा पाहण्यासारखे दृश्य आहे ते. त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये निम्मे डिस्टिल्ड वॉटर मिसळून दिवा पुसावा आणि नंतर त्याला बोट लावू नये, नाहीतर बोटांचे तेल लेपाखाली अडकते. पहिला हात अगदी विरळ, धुक्यासारखा मारावा, कारण पहिल्याच फटक्यात जाड थर दिल्यास त्यातील द्रावक उघड्या प्लॅस्टिकला तडे पाडू शकतो. त्यानंतर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने दोन हात पुरे.

हे काम मात्र घरी करू नये, असा माझा आग्रह आहे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील द्रव्ये असतात. त्यांचा फवारा श्वासावाटे फुफ्फुसात गेल्यास दमा जडू शकतो, आणि रुमाल किंवा साधा मास्क त्याला मुळीच अडवत नाही. घासणे घरी करावे आणि क्लिअर मारण्यासाठी बंद केबिन आणि योग्य मास्क असलेल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गाडी न्यावी. आधीच घासून नेल्याने पैसेही कमी लागतात.

गाडी नवी असेल, म्हणजे मूळ लेप अजून शाबूत असेल, तर माझा सल्ला निराळा आहे. अशा दिव्यांवर रंगावर लावतात तीच पारदर्शक संरक्षक फिल्म बसवून घ्यावी. ती खडीचा मार स्वतः झेलते, अतिनील किरण अडवते, आणि खराब झाली की काढून दुसरी लावता येते. फिल्म बिनरंगी असावी. काळपट किंवा रंगीत फिल्म दिव्यावर लावणे म्हणजे स्वतःच्या हाताने उजेड कमी करणे.

प्रश्न : नांदेडमध्ये एका ठिकाणी कपातून वाफ सोडून दहा मिनिटांत हेडलाइट नवे करून देतात. फोटो थक्क करणारे आहेत. करून घ्यावे का?

उत्तर : ती पाण्याची वाफ नव्हे. गरम कपात द्रावक ओतून त्याची वाफ दिव्यावर सोडतात. अशा द्रवांत पुष्कळदा डायक्लोरोमिथेन असते. वाफेने प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा वितळून सपाट होतो, म्हणून तेज लगेच येते. परंतु पापुद्रा नवा बनलेला नसतो, त्यात अतिनील किरणांपासून कसलेही संरक्षण नसते, आणि आत ताण राहिल्याने पुढे बारीक तडे जाण्याची शक्यता असते. शिवाय डायक्लोरोमिथेन श्वासातून शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो, आणि तो कप हातात धरून दिवसभर उभा राहणारा पोरगा बहुधा तोंडाला रुमाल बांधून असतो. आपण गाडी विकायला काढली असेल तर दहा मिनिटांची ही चकाकी आपल्या उपयोगाची आहे. गाडी घेणाऱ्यांपैकी आपण असाल, तर फोटोतल्या असल्या चमकदार दिव्यांकडे जरा संशयाने पाहावे.

प्रश्न : हिंगोलीहून. पावसाळ्यात दिव्याच्या आतून दव साचते. वरून कितीही पुसले तरी जात नाही. बारीक भोक पाडून पाणी काढू का?

उत्तर : भोक पाडू नका. दिव्याच्या मागे हवा येण्याजाण्यासाठी बारीक छिद्रे मुळातच ठेवलेली असतात, त्यामुळे पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर आत हलके दव दिसणे आणि दिवे अर्धा तास लावल्यावर ते जाणे, हे नेहमीचे आहे. तळाशी पाण्याचे थेंब साचत असतील तर मागचे रबरी झाकण आधी तपासावे. बल्ब बदलताना ते नीट न बसवण्याची चूक फार ठिकाणी आढळते. झाकण ठीक असेल तर सील सुटले आहे किंवा कोठेतरी तडा आहे. हवेची छिद्रे सिलिकॉनने बुजवण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये, कारण मग आतले दव आतच राहते आणि परावर्तकाची चकाकी जाते.

प्रश्न : वसमतच्या बाजूला हळदीचे शेत आहे. जुन्या ट्रॅक्टरचे दिवे अंधुक झाले आहेत. तेही कागदाने घासावे का?

उत्तर : आपल्या ट्रॅक्टरला खरी काच असेल तर कागद लावू नका, कायमचे चरे पडतील. नखाने टिचकी मारून पाहावी. काचेचा आवाज टणटणीत येतो, प्लॅस्टिकचा बद्द. काचेचा दिवा अंधुक होतो तो बहुधा आतील वाटीची चांदी उडाल्याने. ती वाटी घासून चमकत नाही, उलट उरलेला मुलामा निघतो. दिव्याचा संपूर्ण आतला भागच बदलावा.

प्रश्न : मंठ्याहून काळी-पिवळी चालवतो. पासिंगला दिव्यांवरून अडवतील का? आणि घासण्यापेक्षा नवे दिवे केव्हा घ्यावेत?

उत्तर : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये प्रवासी वाहनाच्या योग्यता तपासणीत दिवे पाहिले जातात. आपले वाहन आठ वर्षांपर्यंतचे असेल तर ही तपासणी दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी असते. खासगी गाडीलाही पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणावेळी आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणीला उभे राहावे लागते. तेव्हा पासिंगच्या आदल्या रात्री टूथपेस्ट शोधण्यापेक्षा काम महिनाभर आधी उरकावे.

नवे दिवे केव्हा, याचे उत्तर असे : आतला परावर्तक काळवंडला असेल, तडा आरपार गेला असेल किंवा ओला करूनही दिवा धुरकट दिसत असेल तर घासण्यात वेळ घालवू नये. वर उल्लेख केलेल्या २०१८ च्या चाचणीत घासून नीट केलेल्या दिव्यांतून नव्याच्या सुमारे ७० टक्के प्रकाश मिळाला होता, म्हणजे घासणे हा चांगला उपाय आहे, पण पुनर्जन्म नव्हे. रोज पहाटे अंधारात दहा-बारा माणसांना घेऊन निघणाऱ्या आपल्यासारख्याने मूळ कंपनीचा दिवा परवडत असेल तर तोच घ्यावा. बाजारातील स्वस्त नकली दिव्यांवर लेप कसा आहे हे बाहेरून कळत नाही, आणि काही तर दोन उन्हाळ्यांत पिवळे पडतात. नवा दिवा बसवल्यावर सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांची उंची सारखी आहे ना, हे पाहून घ्यावे.

प्रश्न : धाराशिवहून. दोन्ही दिवे एकाच दिवशी बसलेले असताना आमच्या गाडीचा डावाच दिवा का पिवळा? आमच्या आजीला वाटते, डाव्या बाजूला दृष्ट लागली. शिवाय बोअरच्या पाण्याने धुतल्यावर पांढरे डाग राहतात, आणि रात्री गाडीवर जुनी चादर टाकतो ती योग्य आहे का?

उत्तर : आजींचे निदान पूर्ण चुकीचे नाही, दृष्ट सूर्याची आहे. आपण गाडी रोज एकाच जागी, उजवी बाजू वाड्याच्या भिंतीला लावून उभी करत असणार. भिंत उजव्या दिव्याला सावली देते आणि डावा दिवसभर उघड्यावर राहतो. आपल्या अक्षांशावर वर्षातील बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून गाडीचे तोंड दक्षिणेला असेल तर दिव्यांना ऊन अधिक बसते.

पांढरे डाग बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचे आहेत. धुऊन झाल्यावर दिवा उन्हात वाळू न देता लगेच कोरडा पुसला तर ते पडत नाहीत. पडलेले असल्यास व्हिनेगरमध्ये बरोबरीचे पाणी मिसळून हलके पुसावे आणि साध्या पाण्याने धुवावे. कपड्यांची पावडर वापरू नये, तिच्यातील अल्क पॉलिकार्बोनेटला मानवत नाही. चादरीचे म्हणाल तर रात्री ऊन नसते, त्यामुळे तिचा दिव्यांना काही फायदा नाही, आणि वाऱ्याने हलणारी धुळकट चादर वॉटर पेपरचेच काम करते. तिच्याऐवजी दुपारी दिव्यांपुढे एखादी फळी किंवा पुठ्ठा उभा करावा, आणि उद्यापासून गाडी उलटी, तोंड उत्तरेला करून लावावी.